व्यायामाने मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो का?

(अंधेरी पश्चिमेतील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांचं अंग लुळं पडलंय, त्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे माझं रोजचं काम. आज मला बोलावताना तुमच्यातला एक जण म्हणाला, "आपा, आम्ही इथे बारा-बारा तास बसतो. संध्याकाळी डोकं बधिर होतं. व्यायाम केला तर मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो असं म्हणतात, ते खरं आहे का, एवढंच सांगा."

प्रश्न छोटा आहे. पण त्याचं उत्तर मी स्वतः बरीच वर्षं चुकीचं देत होते. म्हणून आधी माझ्या घरची गोष्ट सांगते.

माझे अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत आले आणि अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षा चालवायला लागले. सकाळी फजरनंतर निघायचे, रात्री दहाला परत. दिवसभर बसून. जेवणही रिक्षातच, आणि झोप आली की कडक चहा आणि तंबाखू. ते म्हणायचे, "मी दिवसभर मेहनत करतो, मला व्यायामाची काय गरज?" आम्हालाही ते पटायचं. थकून आलेल्या माणसाला "चालायला जा" कोण सांगणार?

मी बारावीत होते. एका सकाळी अब्बांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. अम्मी म्हणाली, "काय झालं?" त्यांनी उत्तर दिलं, पण शब्द जडावलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारच्या चाची म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा." आम्ही तेल चोळलं. कुणी म्हणालं झोपू द्या, थोड्या वेळाने ठीक होईल. आम्ही झोपू दिलं. दुपारी दवाखान्यात पोचलो तेव्हा जवळपास आठ तास होऊन गेले होते. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, गुठळी विरघळवायचं जे औषध असतं ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य अजून टोचतं. चूक कोणाचीच नव्हती आणि आमची सगळ्यांची होती. आम्हाला माहीत नव्हतं.

त्या आठ तासांत काय झालं, ते कळायला मला पुढे शिकावं लागलं. तेच आधी सांगते.

आपल्या मेंदूचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो. म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण शरीर आरामात असताना जेवढा ऑक्सिजन वापरतं, त्यातला सुमारे २० टक्के हा एकटा खातो. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं, त्यातलं पाऊण लिटर मेंदूकडे जातं. आणि या श्रीमंत गिऱ्हाइकाकडे साठवण मात्र जवळजवळ नाही. मांसपेशींकडे साखरेचा साठा असतो, अंगावर चरबी असते. मेंदूचं हातावर पोट आहे. रक्त थांबलं तर दहा-बारा सेकंदांत शुद्ध हरपते, चार-पाच मिनिटांत पेशींची हानी सुरू होते. मोठी रक्तवाहिनी बुजून येणाऱ्या झटक्यात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज २००६ साली मांडला गेला. आता आमच्या आठ तासांचा हिशोब तुम्हीच करा. मी तो एकदा केला होता, पुन्हा केला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. व्यायामाने मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो का?

अब्बा घरी आल्यावर मी त्यांच्या उशाशी बसून म्हणायचे, "अब्बा, जोरजोरात खोल श्वास घ्या, मेंदूला ऑक्सिजन जाईल." कुठेतरी वाचलं होतं. ते बिचारे मुलगी शिकतेय म्हणून भरभर श्वास घ्यायचे. दोन मिनिटांत त्यांना गरगरायचं, बोटांना मुंग्या यायच्या. मला वाटायचं, आजारामुळे. पुढे फिजिओलॉजीच्या वर्गात बसले तेव्हा कळलं की ते माझ्यामुळे होतं.

दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला आहे. निरोगी माणसाचा आकडा किती यायचा? ९७, ९८. म्हणजे तुमचं रक्त आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं आहे. बस भरलेली असताना आणखी किती माणसं चढणार? खोल श्वास घेऊन त्या आकड्यात फारशी भर पडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेंदूच्या रक्तवाहिन्या किती उघडायच्या हे बऱ्याच अंशी रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो. तो वाढला की वाहिन्या रुंदावतात, कमी झाला की आकसतात. भरभर श्वास सोडला की कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, वाहिन्या आकसतात आणि मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं. मी अब्बांना मेंदूत ऑक्सिजन पाठवायला सांगत होते आणि प्रत्यक्षात त्यांचं रक्त आडवत होते. तुम्ही हे करून पाहू नका, माझ्यावर विश्वास ठेवा.

गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी तपासली गेली होती. स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाच्या क्रियांची प्रयोगशाळेत मोजमापं घ्यायला सुरुवात केली. 'योगमीमांसा' या नियतकालिकातून ते निष्कर्ष छापायचे. प्राणायामाने शरीरात जास्त ऑक्सिजन शोषला जातो हा समज त्यांनी मोजून पाहिला, आणि तो खरा नाही असं सांगितलं. विचार करा, हा माणूस योगाचा विरोधक नव्हता, उभं आयुष्य योगाला दिलेला होता. प्राणायामाचा फायदा आहे, पण तो ऑक्सिजनच्या साठ्यात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या प्रिय गोष्टीबद्दलही मोजून जे दिसलं तेच बोलायचं, ही वृत्ती मला फार आवडते.

आपल्या बाजूचंही एक उदाहरण देते. काहिराला १२८८ मध्ये वारलेले इब्न अल-नफीस यांनी इब्न सीनांच्या 'कानून'वर भाष्य लिहिताना सांगितलं की रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात पडद्यातल्या छिद्रांतून जात नाही, कारण तशी छिद्रंच नाहीत. ते फुप्फुसांतून फिरून, हवेशी मिसळून येतं. त्यांच्या आधी हजार वर्षं गेलनचं उलट मत चालत होतं. खुद्द इब्न सीनांनीही तेच मानलं होतं. ज्या उस्तादाच्या ग्रंथावर भाष्य लिहायचं, त्याचंच मत त्यांनी नम्रपणे खोडलं. म्हणून हे नाव घेऊन नुसतं "बघा, आपण आधीच शोधलं होतं" असं म्हणू नका. मोठ्या माणसाचं म्हणणंही तपासायचं, ही त्यांची खरी वारसदारी आहे.

मग चालल्याने, पळल्याने मेंदूच्या रक्ताचं काय होतं?

तुम्ही भराभर चालायला लागलात की हृदय ५ लिटरऐवजी १०, १२ लिटर रक्त फिरवू लागतं. फार जोरात पळणाऱ्या तरुणाचं २० लिटरपर्यंत जातं. पण यातला बहुतेक वाटा पायांच्या स्नायूंना जातो. मेंदूकडे जाणारं रक्त मध्यम व्यायामात वाढतं, पण थोडंच, साधारण १० ते २० टक्के. आणि अगदी धापा टाकेपर्यंत पळालात तर ते आणखी वाढण्याऐवजी पुन्हा खाली येऊ लागतं. का? तेच, धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. मेंदू आपला पुरवठा फार सांभाळून ठेवतो. वर आणि खाली दोन्हीकडे त्याचे पहारेकरी असतात.

आणि अभ्यास करताना? अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४५ च्या सुमारास माणसाच्या संपूर्ण मेंदूतलं रक्त मोजायची पद्धत काढली. पुढे १९५५ मध्ये तरुणांना तोंडी गणितं घालून मोजमाप केलं गेलं. निकाल असा की गणितं सोडवताना संपूर्ण मेंदूचा ऑक्सिजनचा खर्च वाढलाच नाही. मेंदू झोपलेला कधीच नसतो. विचार करताना त्याच्या वेगवेगळ्या भागांत रक्ताची वाटणी बदलते, एकूण बिल फारसं बदलत नाही. म्हणजे "अभ्यासाने डोक्यातला ऑक्सिजन संपला" असं काही होत नाही.

मग संध्याकाळी डोकं का बधिर होतं? झोप कमी, पाणी कमी, बंद खोलीतली कोंदट हवा, मोबाइल, ही कारणं आहेतच. पण एक कारण बसण्यातच आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेबलावर बसून काम करणाऱ्या १५ जणांना त्यांनी सलग चार तास बसवलं. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतला प्रवाह कमी झाला. त्याच लोकांना दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाला फक्त दोन मिनिटं चालायला लावलं, तर ती घट झाली नाही. आणि दोन तासांनी एकदम आठ मिनिटं चालवलं तेव्हा तेवढा फायदा दिसला नाही. १५ माणसांचा अभ्यास लहान आहे हे मान्य. पण दोन मिनिटं चालायला पैसे लागत नाहीत आणि इलाज चुकला तरी नुकसान काही नाही. या अभ्यासिकेचा जिना आहेच. अर्ध्या तासाने उठा, खाली जा, वर या.

हा झाला आजच्या दिवसाचा हिशोब. खरी कमाई मात्र वर्षांची आहे, आणि तिथे व्यायामाबद्दल मी तुम्हाला पूर्ण खात्रीने बोलू शकते.

रक्तवाहिनी म्हणजे घरातला लोखंडी पाइप नव्हे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचं एक पातळ अस्तर असतं. रक्त जोरात वाहिलं की ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, आणि वाहिनी सैल होते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. रोज चालणाऱ्या माणसाच्या वाहिन्यांना हा सराव राहतो, त्या लवचीक राहतात. रक्तदाब खाली येतो, साखर ताब्यात राहते. बसून राहणाऱ्याच्या आणि तंबाखू खाणाऱ्याच्या वाहिन्या ताठर होत जातात. मग एक दिवस कप हातातून निसटतो. भारतासह २२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २०१० मध्ये दिसलं की पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांशी जोडलेला आहे. उच्च रक्तदाब त्यात पहिला, तंबाखूचं धूम्रपान त्यात, पोटाचा घेर त्यात, आणि व्यायाम नसणंही त्यात. म्हणजे कपाळावर लिहिलेलं फार थोडं, आपल्या हातातलं बरंच.

अब्बा म्हणायचे, दिवसभर मेहनत करतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती. बस तीच, पगार आणि वस्त्या जवळपास सारख्या. पण दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अब्बा थकत होते, पण त्यांचे पाय चालत नव्हते. तुम्हीही थकता, पण तुमचेही पाय चालत नाहीत.

आता स्मरणशक्तीचं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे, नवीन आठवण पक्की करणारा. उतारवयात तो दरवर्षी थोडा आकसतो. अमेरिकेत १२० वयस्कर माणसांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालवलं, अर्ध्यांना नुसते ताणाचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतकी वाढ दिसलेली नाही, त्यामुळे "चाला आणि पाठांतर दुप्पट करा" असं मी म्हणणार नाही. पण लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यात व्यायामाचा अभाव आहे. परीक्षा यंदाची आहे. मेंदू मात्र पुढची पन्नास वर्षं वापरायचा आहे.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. साधी कसोटी आहे, घड्याळ लागत नाही. छातीत दुखत असेल, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोणी विचारतं, आम्ही पाच वक्ताची नमाज पढतो, तो व्यायाम नाही का? नमाज इबादत आहे. तिला व्यायामाच्या तराजूत घालू नका. सांधे हलतात, चांगलंच आहे. पण हृदयाचा वेग अर्धा तास वाढता राहायला हवा, तो तिने वाढत नाही. मशिदीपर्यंत मात्र बाइक काढू नका, पायी जा. आणि रमजानमध्ये व्यायाम बंद करू नका, हलका करा. इफ्तारच्या आधी थोडं सावकाश चालणं, नाहीतर रात्री पाणी पिऊन झाल्यावर.

जागा कुठे आहे, हा अंधेरीतला खरा प्रश्न. एस. व्ही. रोडवर गर्दीच्या वेळी पळू नका, तिथला धूर फुप्फुसात भरण्यात अर्थ नाही. पहाटे वर्सोव्याचा किनारा आहे, ओहोटीला वाळू घट्ट असते. वीरा देसाई रोडला क्रीडा संकुल आहे. मेट्रोने येत असाल तर एक स्टेशन आधी, आझाद नगरला उतरून चाला. अंधेरी स्टेशनवर सरकता जिना सोडून साध्या पायऱ्या चढा.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं बोलते, पण मुलांनी नीट ऐकायचं आहे. माझ्याकडे तिशीच्या बायका गुडघे धरून येतात, चाळिशीत रक्तदाब, पंचेचाळिशीत साखर. "चालता का?" विचारलं की म्हणतात, "कुठे चालू?" बुरखा किंवा हिजाब चालण्याच्या आड येत नाही. आड येतात नाक्यावरचे डोळे. ज्या नाक्यावर तुम्ही मुलं रात्री दहाला उभी असता, तिथून तुमची बहीण दहा मिनिटं चालून येऊ शकते का, हा प्रश्न आज घरी जाऊन स्वतःला विचारा. ती चालू शकत नसेल, तर तिच्या रक्तवाहिन्यांचा थोडा हिशोब तुमच्याही नावावर आहे. मुलींनी चौघी-पाचजणींचा गट करा. एकटीकडे लोक बघतात, पाचजणींना रस्ता देतात. आणि अम्मीला सोबत घ्या. तिने आयुष्यभर घरातल्या घरातच पावलं टाकली आहेत.

शेवटची गोष्ट पाठ करून जा. परीक्षेत येणार नाही, पण कधीतरी घरात लागेल. कुणाचा चेहरा अचानक एका बाजूला ओढला गेला, एक हात वर उचलता येत नाही, बोलणं जडावलं, तर तेल चोळायचं नाही, झोपू द्यायचं नाही, तोंडात पाणीही घालायचं नाही. वेळ बघायची, १०८ ला फोन करायचा, आणि मेंदूचं सीटी स्कॅन होतं अशा मोठ्या रुग्णालयात न्यायचं. कुणी "थोडं थांबून बघू" म्हणालं, तर तुम्ही थांबायचं नाही. वयाने लहान असलात तरी.

अब्बांचं काय झालं, ते राहिलं. उजवा हात पूर्ण परत आला नाही. रिक्षा सुटली. पण पाय आले. पहिल्या दिवशी भिंत धरून बारा पावलं, मी मोजली होती. मग दारापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या जिवंत पेशी पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीतून ते काम शिकतात. त्यांनी ती पावलं पुन्हा पुन्हा टाकली, म्हणून ते चालले. आता ते सकाळी माझ्यासोबत वर्सोव्याला येतात. माझ्यापेक्षा हळू, पण रोज. त्यांच्या जुन्या स्टँडवरचे दोस्त भेटले की त्यांना गाडीतून खाली उतरवतात आणि म्हणतात, "चल, चौकापर्यंत." शब्द अजून थोडे जड येतात, पण ऐकणारे उतरतात.

तुम्हीही आता उठा. चार प्रश्न विचारायचे असतील तर खाली उतरून, चालत चालत विचारा. माझं बोलणं सुरू होऊन अर्धा तास झाला आहे.